फोटो मुके होऊ नयेत म्हणून : छायाचित्रण मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
आणि हाच प्रश्न समोर असलेल्या मुंबईतील अन्य हौशी छायाचित्रण मंडळांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणाऱ्या ठरावाचा मसुदा सर्व सभासदांच्या हाती आला आहे. मंडळाचे आजवरचे सगळे फोटो ऑनलाइन एका ठिकाणी आणावेत, ते ठिकाण म्हणून इन्स्टाग्रामची निवड करावी, आणि मंडळाच्या खोलीतील कपाटात असलेल्या हार्ड डिस्क ‘यथावकाश निकालात काढाव्यात’, असे त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागाला माझा मनापासून पाठिंबा आहे. उरलेल्या दोन भागांना माझा विरोध आहे, आणि तो सभेत चहा येण्याआधी मिळणाऱ्या पाच मिनिटांत नीट मांडता येणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवण्याचे कारण एवढेच की, ठाणे-डोंबिवलीपासून कुलाब्यापर्यंतच्या ज्या ज्या मंडळांत माझे मित्र आहेत, तिथे तिथे हीच चर्चा चालू असल्याचे कानांवर येते.

माझी उमेदीची २२ वर्षे फोर्टमधल्या एका मराठी दैनिकाच्या फोटो-लायब्ररीत गेली. तिथे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने ओळ लिहिण्याची शिस्त होती; बॉलपेनने लिहिले की दाब पुढच्या बाजूला उमटतो, म्हणून पेन्सिल. कोण, कुठे, कधी आणि फोटो कोणी काढला, एवढे त्या ओळीत असले पाहिजे. ज्या प्रिंटच्या मागे काहीच लिहिलेले नसे, तिला आम्ही ‘मुका फोटो’ म्हणत असू. मुके फोटो एका वेगळ्या खोक्यात जात, आणि ते खोके कोणी उघडल्याचे मला आठवत नाही. फोटो कितीही चांगला असला तरी उपसंपादकाला तो छापता येत नसे, कारण खाली फोटोओळ काय द्यायची हेच ठाऊक नसे.

ऑनलाइन जागा निवडतानाही माझी कसोटी तीच आहे. आपण ठेवलेला फोटो त्याच्या मूळ आकारात आणि त्याच्या ओळीसकट, पाहिजे तेव्हा, आपल्याला परत बाहेर काढता येतो का? लाइक किती मिळतात, रील चालते का, तरुण सभासद येतील का, हे प्रश्न खोटे नाहीत. पण ते नंतरचे आहेत.

ही कसोटी मी पुस्तकातून घेतलेली नाही. २००७च्या सुमारास मी गिरणगावात काढलेल्या जुन्या निगेटिव्हमधल्या १४० फ्रेम स्कॅन करून एका फोटो-संकेतस्थळावर चढवल्या होत्या. संकेतस्थळाचे नाव इथे देत नाही, त्याने काही साधणार नाही. त्यांतल्या एका फोटोत साचेखात्याच्या, म्हणजे कापड विणण्याच्या खात्याच्या, दाराशी उभा असलेला एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, आहे. डोक्यावर टोपी, बाहीच्या घडीत विडीचे बंडल, आणि मागे थांबलेल्या मागांची रांग. त्याचे नाव मी फोटो काढताना विचारले नव्हते, हा माझा दोष. पण वर्षभराने लालबागच्या एका गृहस्थांनी त्या फोटोखाली प्रतिक्रिया लिहिली, त्याचे नाव सांगितले, गाव सांगितले, तो कोणत्या गिरणीत आधी होता आणि संपानंतर त्याने काय केले हेही चार ओळींत सांगितले. मी कृतार्थ झालो, त्यांना धन्यवाद दिले, आणि ते कुठेही उतरवून ठेवले नाही. पुढे ते संकेतस्थळ बंद झाले. बंद होण्याआधी ईमेल आली, मुदत मिळाली, मी मुदतीत सगळे डाउनलोडही केले. हाती एक झिप फाइल आली, तीत १४० फोटो होते आणि प्रत्येकाचे नाव म्हणजे एक लांबलचक आकडा होता. ओळी नव्हत्या, प्रतिक्रिया नव्हत्या. जॉबर आजही माझ्याकडे आहे, आणि तो मुका आहे.

आता कोणी म्हणेल की ते जुने दिवस झाले, मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत असे होत नाही. झाले आहे, आणि पुन्हा पुन्हा झाले आहे. आपल्यापैकी निम्म्या जणांनी पहिले आल्बम ज्या ऑर्कुटवर लावले, ते ३० सप्टेंबर २०१४ला बंद झाले. पिकासा गूगलने २०१६मध्ये गुंडाळले, आणि नकाशावर फोटो लावण्याचे पॅनोरामिओही त्याच वर्षी गेले. फोटोबकेटने तर २०१७मध्ये एक चमत्कारच केला: इतरांच्या पानांवर दिसणारे फोटो दिसत राहायला हवे असतील, तर वर्षाला ३९९.९९ डॉलर भरा, असे सांगितले, आणि वर्षानुवर्षे लावलेल्या असंख्य फोटोंच्या जागी रातोरात एक राखाडी पाटी आली. ५००पीएक्स ही टोरंटोची, नीटनेटक्या फोटोंसाठी नावाजलेली जागा. २०१८च्या फेब्रुवारीत ती चीनच्या व्हिज्युअल चायना ग्रुपकडे गेली आणि जून अखेरीस तिने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे ठरावीक अटींवर आपला फोटो इतरांना वापरू देण्याची, सोयच काढून टाकली. गूगल फोटोजने २०१५मध्ये अमर्याद जागा देऊ केली होती. १ जून २०२१पासून ती १५ जीबीवर आली, आणि त्या १५ जीबीत ईमेल आणि ड्राइव्हही धरलेले. आपला एक फोटो सरासरी ८ एमबीचा धरला, तर १५ जीबीत जेमतेम १,८७५ मावतात. मंडळाकडे सुमारे १४,००० आहेत.

यांतले बहुतेक जण काही बुडाले म्हणून असे वागले नाहीत. कुठे मालक बदलला, कुठे मालकाचा हिशेब बदलला. तेव्हा ‘ही कंपनी टिकेल का’ असे विचारण्यात फार अर्थ नाही. उत्तर कोणालाच देता येत नाही. ‘ही गेली तर आपण किती सामानासकट बाहेर पडू’ हे मात्र आजच तपासता येते.

इन्स्टाग्राम या तपासणीत कुठे बसते ते पाहू. इन्स्टाग्रामच्याच सांगण्यानुसार १०८० पिक्सेलपेक्षा रुंद फोटो तिथे १०८०वर आणला जातो. आपल्या सभासदांचे साधे २४ मेगापिक्सेलचे कॅमेरे ६००० बाय ४००० पिक्सेलची फ्रेम देतात. ती आडवी फ्रेम १०८० बाय ७२० झाली की मूळच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढी उरते. हे डोळ्यांनी पाहावे म्हणून मी गेल्या महिन्यात एक प्रयोग केला. पहाटे पाचला दादरच्या फुलबाजारात काढलेला एक फोटो घेतला. पुलाखाली झेंडूच्या ढिगावर एक बाई पाणी शिंपडते आहे आणि बल्बच्या उजेडात ते थेंब हवेत आहेत. मूळ फाइल आणि १०८० पिक्सेलची फाइल, दोन्ही ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापून घेतल्या. मूळ फाइलची प्रिंट २० इंच रुंद आली. दुसरी ३.६ इंच. पाकिटात ठेवायला बरी. आपल्या वार्षिक प्रदर्शनासाठी आपण १२ बाय १८ची प्रिंट मागतो, तेव्हा उद्या हार्ड डिस्क ‘निकालात’ निघाल्यावर ती प्रिंट कुठून काढणार, हे ठरावात लिहिलेले नाही.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, ती नवख्या सभासदांसाठी सांगतो. मूळ फाइल अ‍ॅडोबी आरजीबी या छपाईसाठीच्या रुंद रंगपटातली होती. ती तशीच चढवली की काही स्क्रीनवर झेंडूचा भगवा मलूल होऊन विटकरीकडे झुकतो. वेबसाठी द्यायची प्रत एसआरजीबी या साध्या स्क्रीनच्या रंगपटातच काढावी. ही चूक जागेची नाही, आपली आहे, आणि जागा कोणतीही निवडली तरी ती टाळावी लागते.

आकाराहून मोठा प्रश्न ओळीचा आहे. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये तारीख, शटर, अ‍ॅपर्चर, लेन्स यांची नोंद ठेवतो, तिला एक्झिफ म्हणतात. आपण स्वतः भरतो ते छायाचित्रकाराचे नाव, वर्णन आणि हक्काची नोंद आयपीटीसी या रकान्यांत जाते. इन्स्टाग्रामवरून उतरवलेल्या फोटोत कॅमेऱ्याची ही नोंद उरत नाही. खालची कॅप्शन आपल्या खात्याचा डेटा मागवला की वेगळ्या फाइलमध्ये येते, हे मान्य. म्हणजे फोटो एका खोलीत आणि त्याची ओळ दुसऱ्या खोलीत. शिवाय तिथे आल्बमची उतरंड नाही. २०१६चा गिरगावचा गुढीपाडवा पाहायचा तर सगळा गालिचा उलगडत त्या वर्षापर्यंत बोट घासत जायचे. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२१च्या जून अखेरीस, आता आम्ही फोटो शेअर करण्याचे अ‍ॅप राहिलेलो नाही, असे स्वतःच सांगून टाकले होते. मालक सांगतो आहे की हे फोटोचे दुकान नाही. आपण मात्र तिथे फोटोंचे गोदाम करायला निघालो आहोत.

म्हणून इन्स्टाग्राम नको, असे माझे म्हणणे नाही. फोटोवॉकची घोषणा, महिन्याच्या स्पर्धेतले पहिले तीन फोटो, प्रदर्शनाचे आमंत्रण, हे तिथे जरूर असावे. आपल्या मंडळात गेल्या दोन वर्षांत आलेल्या मुलामुलींपैकी बहुतेक तिथूनच आले आहेत, हे मी विसरलेलो नाही. ती दुकानाची दर्शनी काच आहे, आणि काच स्वच्छ व उजेडात असावी. माल मात्र मागे, कपाटात, चिठ्ठ्या लावून असावा.

मागच्या कपाटासाठी माझी शिफारस फ्लिकर या फोटो-संकेतस्थळाच्या सशुल्क खात्याची आहे, आणि ती मी त्या कंपनीचे गुण गाण्यासाठी करत नाही. फ्लिकरचा इतिहास वर दिलेल्या यादीत सहज बसला असता. २००४च्या फेब्रुवारीत व्हँकुव्हरमध्ये ते सुरू झाले, पुढच्याच वर्षी याहूने घेतले, २०१३मध्ये याहूने प्रत्येकाला एक टेराबाइट फुकट वाटले, २०१७मध्ये याहूसकट ते व्हेरायझनकडे गेले, आणि २०१८च्या एप्रिलमध्ये स्मगमग या फोटोग्राफरांच्याच कंपनीने ते विकत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केले की मोफत खात्यात १,००० पर्यंतच फोटो राहतील, आणि २०१९च्या मार्चपासून त्यावरचे फोटो काढून टाकायला सुरुवातही झाली. २०२२पासून मोफत खात्यात सर्वांसाठी खुले नसलेले फोटो फक्त ५० ठेवता येतात. तेव्हा ‘फ्लिकर फुकट आहे की’ असे म्हणणाऱ्या सभासदांनी आपली माहिती सुधारून घ्यावी.

पण २०१८च्या त्या निर्णयाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. वाटलेले फुकट टेराबाइट परत घेताना त्यांनी कारण उघड सांगितले: जागेचे पैसे जाहिरातदाराने द्यावेत की फोटोग्राफरने, यांपैकी दुसरा मार्ग त्यांनी निवडला. मुदत दिली, ती एकदा वाढवलीही, आणि आधीच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिलेले फोटो वगळले. वर्गणी भरणाऱ्या माणसाला तक्रार करण्याचा हक्क असतो, फुकट्याला नसतो, हे आपल्या मंडळाच्या खजिनदारांना वेगळे सांगायला नको.

आणि कसोटीवर ते बऱ्यापैकी उतरते. मूळ आकाराची फाइल तशीच राहते आणि तशीच उतरवता येते. एक्झिफ फोटोखाली वाचता येते, जे नव्या सभासदांसाठी शिकवणीसारखे आहे. चढवताना फाइलमधले आयपीटीसीचे शीर्षक, वर्णन आणि कीवर्ड ते आपणहून उचलते. आल्बम आणि आल्बमांचे संच करता येतात, देवनागरी टॅग चालतात, प्रत्येक फोटोचा परवाना वेगळा ठरवता येतो, आणि स्थळ कोणाला दिसावे हेही ठरवता येते. हा शेवटचा मुद्दा आपल्या पक्षीनिरीक्षक सभासदांसाठी महत्त्वाचा आहे. शिवडीचे रोहित सगळ्या मुंबईला ठाऊक आहेत, पण आरेतल्या घुबडाच्या ढोलीचा जीपीएस फोटोबरोबर जगाला वाटण्याचे काही कारण नाही. संपूर्ण खात्याचा डेटा मागवला तर फोटोंच्या झिप फाइलींबरोबर वर्णने आणि प्रतिक्रिया मजकुराच्या फाइलींत मिळतात. तिथेही त्या वेगळ्याच फाइलींत येतात, हे खरे. म्हणून पुढे सांगणार आहे ती काळजी फ्लिकरवरही घ्यावी लागेल.

फ्लिकरबद्दल आणखी एक गोष्ट मला जवळची वाटते. २००८च्या जानेवारीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपले सुमारे ३,००० जुने फोटो तिथे ‘द कॉमन्स’ नावाच्या विभागात ठेवले, आणि लोकांना सांगितले की तुम्हाला काही माहिती असेल तर लिहा. लोकांनी माणसे ओळखली, रस्ते ओळखले, तारखा दुरुस्त केल्या, आणि पहिल्या वर्षातच लायब्ररीने आपल्या सूचीतल्या पाचशेहून अधिक नोंदी त्यावरून सुधारल्या. लालबागच्या त्या गृहस्थांनी माझ्यासाठी जे केले तेच हे. फरक इतका की तिथल्या ग्रंथपालाने ते सूचीत उतरवून घेतले, आणि मी घेतले नाही. आपल्याकडे परळ-लालबागच्या गिरण्यांच्या चिमण्यांचे, वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळींच्या व्हरांड्यांचे, २०२२च्या नोव्हेंबरात पाडलेल्या कर्नाक पुलाचे, २०२३च्या सप्टेंबरात शेवटची फेरी केलेल्या जुन्या डबलडेकर बसचे आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात रस्त्यावरून गेलेल्या पद्मिनी टॅक्सीचे फोटो आहेत. ते पुन्हा काढता येणार नाहीत. आणि त्यांतली माणसे ओळखू शकणारे लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

इतर सुचवण्यांबद्दल थोडक्यात. गूगल फोटोज कुटुंबासाठी उत्तम आहे, पण तिथे लिहिलेले वर्णन मूळ फाइलमध्ये जात नाही, उतरवताना प्रत्येक फोटोबरोबर एक वेगळी छोटी फाइल हाती येते. बीहान्स हे डिझायनर आणि व्यावसायिकांनी आपले काम मांडून दाखवण्याचे ठिकाण आहे. लग्नाचे फोटो करणाऱ्या आपल्या सभासदांनी स्वतःसाठी ते वापरावे. ग्लास हे २०२१मध्ये आलेले अ‍ॅप जाहिरातमुक्त आणि देखणे आहे, व्यक्तीसाठी चांगले, संग्रहासाठी नाही. पिक्सेलफेडची कल्पना मला आवडते, कारण तिथे एक मालक नसून अनेक सर्व्हर एकमेकांशी बोलतात. परंतु आपला सर्व्हर कोण सांभाळतो आणि तो कंटाळला तर काय, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. विकिमीडिया कॉमन्स ही वेगळीच गोष्ट आहे: तिथे फोटो देणे म्हणजे व्यापारी वापरासकट सगळ्या जगाला वापराची मुभा देणे, आणि ती मुभा परत घेता येत नाही. बाणगंगेचे, काळा घोड्याच्या इमारतींचे निवडक फोटो तिथे द्यावेत असे मला वाटते, पण तो ज्याचा फोटो त्याचा निर्णय.

मंडळाने स्वतःचे संकेतस्थळ काढावे आणि पिविगोसारखे फोटो-गॅलरीचे मोफत सॉफ्टवेअर त्यावर बसवावे, ही आपल्या तरुण सहचिटणिसांची सूचना तत्त्वतः सगळ्यांत बरोबर आहे. मी तिला विरोध करतो तो केवळ माणसांचा अनुभव आहे म्हणून. आपल्या मंडळाचे सोशल मीडियावरचे पहिले पान आठवा. ते ज्या उत्साही सभासदाने काढले, तो नोकरीनिमित्त परदेशी गेला, त्याचा इथला सिमकार्ड नंबर बंद झाला, पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्याच नंबरवर, आणि परिणामी ते पान आजही आपल्या जुन्या बोधचिन्हासह, आपल्याला हात लावता येणार नाही असे, तरंगते आहे. डोमेनचे नूतनीकरण, सॉफ्टवेअरची अद्ययावतता, बॅकअप, हे दरवर्षी कोणीतरी न विसरता करायला हवे. ज्या मंडळात प्रोजेक्टरची वायर दर दोन सभांनी हरवते, तिथे मी हे धाडस सुचवणार नाही.

ओटीपीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: नवे खाते कोणाही पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर काढू नये. मंडळाच्या नावाची ईमेल, मंडळाच्या नावाचा मोबाइल नंबर, आणि पासवर्ड व राखीव कोड लिहून बंद पाकिटात खजिनदारांच्या दप्तरात. बँकेच्या खात्याला आपण दोन सह्या ठेवतो ना, तसेच. वर्गणीचे नूतनीकरण हिशेबाच्या वार्षिक खर्चात कायम धरावे, कारण फ्लिकरची वर्गणी थांबली की खाते पुन्हा मोफत मर्यादेत येते, आणि १४,०००पैकी १३,००० फोटोंचा जीव टांगणीला लागतो.

आता ती काळजी. कोणत्याही संकेतस्थळावर ओळ लिहिण्याआधी ती फाइलमध्येच लिहावी. लाइटरूम या सशुल्क सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, आणि ज्यांना पैसे खर्चायचे नाहीत त्यांच्यासाठी डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर आहे. एकच गंमत लक्षात ठेवावी. आयपीटीसीचे जुने रकाने बाइटमध्ये मोजले जातात, आणि युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट खाते. छायाचित्रकाराच्या नावाचा जुना रकाना ३२ बाइटचा आहे. ‘छायाचित्रकार’ हा शब्दच ३६ बाइटचा होतो, म्हणजे छायाचित्रकाराच्या रकान्यात छायाचित्रकार मावत नाही. एक्सएमपी या नव्या पद्धतीत ही अडचण नाही, तेव्हा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ती चालू असल्याची खात्री करावी. आणि कृपा करून मंडळाला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नयेत. तिथे फोटो लहान होतो आणि ही सगळी नोंद गळून पडते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

हक्कांविषयी ठरावात एक वाक्य आहे: ‘संग्रहातील सर्व फोटो मंडळाच्या मालकीचे राहतील.’ हे वाक्य काढून टाकावे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो, आणि कायद्याच्या कलम ५७मुळे आपले नाव लावून घेण्याचा हक्क तर फोटो विकल्यानंतरही त्याच्याकडे राहतो. मंडळाला हवी आहे ती मालकी नव्हे, वापराची लेखी परवानगी: संग्रहात ठेवण्याची, प्रदर्शनात लावण्याची, नाव देऊन ऑनलाइन दाखवण्याची. एका पानाचा फॉर्म पुरे. लग्नाचे किंवा कंपनीचे पैसे घेऊन काम करणाऱ्या सभासदांनी मात्र एक पाहावे की, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, सांगणाऱ्याचा असतो. तो फोटो संग्रहाला देण्याआधी गिऱ्हाइकाला विचारलेले बरे.

संकेतस्थळांना आपण जी परवानगी देतो तीही वाचावी. इन्स्टाग्रामच्या अटींत फोटोची मालकी आपलीच राहते, पण कंपनीला तो जगभर, मोबदल्याशिवाय वापरण्याचा आणि पुढे दुसऱ्याला देता येणारा परवाना मिळतो. २०१२च्या डिसेंबरात त्यांनी या अटी अशा काही शब्दांत बदलल्या होत्या की लोकांचे फोटो जाहिरातींना विकले जातील असा अर्थ निघत होता. ओरड झाल्यावर काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. आता इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिने खुल्या खात्यांतील फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिक्षणासाठी वापरत असल्याचे स्वतः जाहीर केले आहे. ज्या सभासदांना हे चालते त्यांना चालू दे. पण सगळ्यांच्या वतीने कार्यकारिणीने होकार देणे मला पटत नाही.

राहिल्या हार्ड डिस्क. त्या निकालात काढू नयेत, उलट आणखी एक घ्यावी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कलिना-कुर्ल्यातल्या तळमजल्यांवरच्या निगेटिव्हचे काय झाले, हे आपल्या दोन ज्येष्ठ सभासदांना विचारा. त्यांनी ती दोरीवर वाळत घातली होती आणि बहुतेक एकमेकांना चिकटून गेली. एक प्रत मंडळाच्या खोलीत, एक दुसऱ्या उपनगरातल्या सभासदाच्या घरी, तळमजला सोडून, आणि तिसरी ऑनलाइन, एवढी व्यवस्था महाग नाही. पावसाळा संपला की दोन्ही डिस्क जोडून चालतात का ते पाहावे, लेन्सची बुरशी आपण पाहतो तसे.

तेव्हा माझी उपसूचना अशी: इन्स्टाग्रामचे खाते प्रसिद्धीसाठी चालवावे, संग्रहासाठी फ्लिकरचे सशुल्क खाते मंडळाच्या नावाने घ्यावे, ज्या फोटोच्या फाइलमध्ये नाव, स्थळ, तारीख आणि वर्णन नाही तो संग्रहात चढवू नये, आणि दरवर्षी दिवाळीनंतर सगळे खाते एकदा उतरवून, त्यांतले कोणतेही २० फोटो उघडून, ओळी शाबूत आहेत का ते दोन सभासदांनी तपासून सभेला लेखी कळवावे. हा शेवटचा भाग वगळून बाकीचे सगळे मंजूर होणार असेल, तर बाकीचे वगळून हा मंजूर करावा. १४,००० फोटोंच्या ओळी भरणे हे एकट्याचे काम नाही, याची मला जाणीव आहे. दर रविवारी सकाळी दहा ते एक मी खोलीत बसायला तयार आहे; माझ्याबरोबर टंकलेखन जमणारे दोन जण आणि जुनी मुंबई ठाऊक असलेले दोन जण मिळाले, तर पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत गिरणगावाचा भाग हातावेगळा होईल.

सभेला येताना त्या जॉबरचा फोटो मी १२ बाय १८मध्ये छापून आणणार आहे आणि चहाच्या टेबलाशेजारी लावणार आहे. ज्यांचे बालपण लालबाग, परळ किंवा काळाचौकीत गेले, त्यांनी तो जवळ जाऊन पाहावा, आणि शक्य असल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांनाही घेऊन यावे. शेजारी मऊ पेन्सिल ठेवलेली असेल.

आपला स्नेहांकित,
मंडळाचा एक जुना सभासद
दादर, मुंबई